मोसंबीच्या कलमांत सुटलेली गोगलगाय

ज्या प्राण्याच्या चालीची सगळ्या जगानं टिंगल केली, तो माझ्या हातून पळून गेला. बिबट्यानं हुलकावणी दिली, साप ऐन वेळी बिळात शिरला, असं सांगणारे छायाचित्रकार चारचौघांत मिरवतात. माझ्या हातून गोगलगाय निसटली. तीही जालना जिल्ह्यात, भर दुपारी, मी तिच्यापासून हातभर अंतरावर गुडघे टेकून बसलेलो असताना. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझ्याबद्दल भलता आदर वाटायला नको.

मी सावंतवाडीचा. पोटासाठी चष्म्याचं दुकान आहे. पावसाळ्यात ते धाकट्या भावाच्या गळ्यात मारतो आणि आंबोली-तिलारीच्या जंगलात ओल्या पाचोळ्यावर पालथा पडून गोगलगायींचे फोटो काढतो. जिवंत गोगलगायींचे. शंख जमवणारे पुष्कळ असतात, पण शिंगांच्या टोकावरचे डोळे बाहेर काढून, पानाच्या कडेवर अंग ताणून जाणारी गोगलगाय बघायची तर आमच्या त्या सदा ठिबकणाऱ्या जंगलातच जायला हवं. नखाएवढ्या, तांबूस अंगाच्या, शंखावर लव असलेल्या अशा कितीतरी तिथं आहेत. जळवा पायाला चिकटतात, चष्म्यावर वाफ धरते, बायको म्हणते की लोकांचे नवरे निदान दारू तरी पितात.

यंदा कोल्हापुरात या फोटोंचं प्रदर्शन ठरलं. शेवटचा फोटो मला पाहुणीचा हवा होता, म्हणजे परदेशातून येऊन आपल्या शेतांत मुक्काम ठोकलेल्या शंखी गोगलगायीचा. तशी ती आमच्या परसातही निघते, पण मला ती तिच्या राज्यात टिपायची होती. वसतिगृहातला माझा जुना मित्र मधुकर अंबडला वकिली करतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "इकडं ये. पोत्यानं देतो."

अंबड

एसटीच्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. कंबर अजून बोलते आहे, तेवढं पुरे.

मधुकरच्या घरी पाय ठेवल्या ठेवल्या चहा आला. आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळ-पाणी, मग विचारपूस, मग जमलं तर चहा. इथं चहा पिऊन झाल्यावर माणूस कोण आहे ते विचारतात. वहिनींनी धपाटे आणि दही वाढलं आणि सोबत शेंगदाण्याची अशी चटणी दिली, की मी मासे न मिळण्याचं दुःख त्या जेवणापुरतं विसरलो. सकाळी निघताना त्यांनी उरलेले धपाटे प्लॅस्टिकच्या एका डब्यात भरून दिले. पुढच्या सगळ्या गोंधळात वहिनींचा दोष एवढाच, की डबा ऐसपैस होता.

"आबांच्या घरी जाऊन राह्यलो आपण," मधुकर गाडीत म्हणाला. "त्यांच्या बांधाची केस मी लढलो. तेव्हापासून मला लई मानतात. तू काही घोळ घालू नको."

"मी गोगलगायींचे फोटो काढतो, मधू. त्यात काय घोळ होणार?"

वकील लोक साक्षीदाराचं वाक्य मनात नोंदवून ठेवतात, तसं त्यानं ते ठेवलं असावं.

ओढ्याच्या अलीकडे

घनसावंगीच्या अलीकडून एक कच्चा रस्ता आत जातो. दोन्ही बाजूंना सोयाबीन असायला हवं होतं. होतंही, पण टक्कल पडत चाललेल्या डोक्यावर असतं तसं. दोन पानांवरची रोपं देठापाशी कुरतडून पडली होती आणि मधल्या चिखलावर गोगलगायींच्या मागाचे चांदीच्या रंगाचे पट्टे वाळले होते. ते पट्टे बघून माझ्या जंगलात मला आनंद होतो. इथं मी नजर दुसरीकडे वळवली.

सगळं गाव वेचणीला उतरलं होतं. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं रात्री सऱ्यांमध्ये अंथरायची, सकाळी उचलायची, खाली जमलेल्या गोगलगायी हाताला पिशवी बांधून गोळा करायच्या आणि बांधावरच्या मिठाच्या पाण्याच्या ड्रममध्ये टाकायच्या. माझ्या मुठीत मावणार नाहीत एवढ्या मोठ्या गोगलगायी. मी चिखलात पालथा पडलो आणि कामाला लागलो.

ड्रमपाशी उभी असलेली एक म्हातारी बराच वेळ बघत होती. "ह्यो काय करून राह्यला?" तिनं मधुकरला विचारलं.

"फोटो काढतोय गोगलगायीचा."

"कामून? तिचं आधार कार्ड काढायचं हाय का?"

फोटो चांगले येईनात. मागं ड्रम, चिखल, म्हातारीच्या चपला. माझे बाकीचे सगळे फोटो हिरव्या धुक्यातले आणि शेवटी हे. मालिका मोडते, असं मला वाटलं. आपण कलावंत आहोत असं वाटण्याचे जे थोडे घातक क्षण आयुष्यात येतात, त्यातला तो एक. धपाटे खाऊन टाकले, डब्यात ओलं गवत घातलं आणि दोन सुबक गोगलगायी त्यात ठेवून डबा कॅमेऱ्याच्या बॅगेत सरकवला. अंबडला मधुकरच्या परसात विहिरीच्या काठावर शेवाळ होतं. तिथं नेऊन फोटो काढायचे, एवढाच विचार होता.

तेवढ्यात ओढा ओलांडून आबांकडे जायची वेळ झाली.

ओढ्याच्या पलीकडे

आबांचं घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. त्यांच्या वडिलांपर्यंत कळप घेऊन हिंडले, आबा शेतीत स्थिरावले. आता शेत चालवते ती त्यांची सून, रुक्मिणी. नवरा वाळूजला कंपनीत. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेली, कमी बोलणारी बाई. तिनं मोसंबीची रोपवाटिका उभी केली आहे. हिरव्या शेडनेटच्या सावलीत काळ्या पिशव्यांच्या लांबच लांब रांगा, आणि प्रत्येक पिशवीत डोळा भरलेलं, म्हणजे खुंटावर मोसंबीचा अंकुर बांधलेलं कलम.

गावानं एक नियम केला होता. ओढ्याअलीकडची कुठलीच गोष्ट न तपासता पलीकडे न्यायची नाही. ना गवताचा भारा, ना शेणखत, ना ओलं गोणपाट. गोगलगाय अजून ओढ्यापलीकडे पोचलेली नव्हती. बांधावर गोगलगायीला अडवायला चुन्याचा पट्टा होता. रुक्मिणीनं काडीनं माझ्या बुटांच्या तळाचा चिखल खरवडून पाहिला.

"बॅग?" तिनं विचारलं.

"कॅमेरा आहे त्याच्यात," मधुकर म्हणाला. "लई नाजूक काम असतं ते."

ती बाजूला झाली. मी तोंड उघडायला हवं होतं. मी हसलो.

जेवताना आबांनी सगळं सांगितलं. येसराची आमटी, भाकरी, कांदा, आणि मधेमधे माझा घास अडकवणारी वाक्यं. "उद्या सकाळी राजूरकडचे उत्तमराव टेम्पो घिऊन येऊन राह्यले. सगळी कलमं तेच नेतेत. पर माणूस कडक. मागं एका नर्सरीत पिशवीवर एक गोगलगाय दिसली, एकच, तर दारातून टेम्पो वापस नेला त्यानं."

"एकीसाठी?" मी म्हणालो. आवाज जरा वर गेला असावा.

"एक असती का ती?" रुक्मिणी म्हणाली. "मातीत अंडी घालती. शेकड्यानं. पिशवीसंगं माती जाती, मातीसंगं अंडी. त्यांच्या बागेत गेली की संपलं. अन् हितं राह्यली तर माझं संपलं. मंग कोण घेतंय माझी कलमं?"

माझ्या मांडीला बॅग लागून होती. बॅगेत डबा होता.

एवढं ऐकल्यावर शहाणा माणूस हात धुऊन परत ओढ्याअलीकडे जाऊन डबा रिकामा करून आला असता. मी जेवून रोपवाटिका बघायला गेलो, आणि तिथं माझी अक्कल गेली. वर हिरवं नेट, त्यातून गाळून येणारा उजेड, फॉगरचं बारीक धुकं, पिशव्यांच्या तोंडाशी मखमली शेवाळ, पानांवरून ठिबकणारं पाणी. कोरडवाहू मुलखाच्या मधोमध कुणीतरी आमच्या आंबोलीचा एक तुकडा कापून आणून ठेवला होता.

"कलमांचे फोटो काढू का?" मी विचारलं.

रुक्मिणी पहिल्यांदा हसली. "काढा की, भाऊ. उत्तमरावाला दाखवाया कामाला येतील."

ती आणि मधुकर ओसरीवर गेले. मी लाल सुतळी बांधलेल्या एका रांगेपाशी बसलो, डबा काढला, एक गोगलगाय शेवाळावर ठेवली. दुसरी डब्यातच होती. ती गुदमरू नये म्हणून झाकण जरासं तिरकं ठेवलं. हे माझं प्राणिप्रेम.

शेवाळावरची गोगलगाय थोडा वेळ आखडून बसली. मग डोळे बाहेर आले, मग मान, मग ती सगळी लांब झाली, आणि धुक्याचा एक थेंब तिच्या शिंगाच्या टोकावर येऊन थांबला. पावसाळेच्या पावसाळे जंगलात मला असा फोटो मिळाला नव्हता. मी श्वास धरून काढत राहिलो. कॅमेऱ्यात डोळा घातलेल्या माणसाला वेळ कळत नाही, शेजारचंही कळत नाही. मन भरल्यावर तिला उचलून परत डब्यात ठेवायला गेलो, तर डब्यात नुसतं गवत होतं.

झाकण खाली पडलेलं. डब्याच्या कडेवरून चकचकीत रेघ उतरत होती, आणि फॉगरनं ओल्या झालेल्या जमिनीवर येऊन ती संपत होती. एरवी गोगलगायीचा माग काढणं म्हणजे माझा डाव्या हातचा मळ. कोरड्यावर तिची रेघ चमकते. ओल्यावर सगळंच चमकतं.

पहिली गोगलगाय डब्यात कोंबून झाकण घट्ट लावलं आणि मी रांगता झालो. एक पिशवी, तिची मागची बाजू, दोन पिशव्यांमधली फट. पुढची. पिशव्या काळ्या, त्यावर चिखलाचे तपकिरी डाग, आणि प्रत्येक डाग शंखासारखा. कॅमेरा डोळ्याला लावून ठेवला होता, कुणी आलंच तर फोटो काढतोय असं दिसावं म्हणून. कुणी आलंच. दारात आबा उभे होते.

"टोपन लावून फोटू काढून राह्यले का पाहुणे?"

फोटो झाल्यावर लावलेलं झाकण भिंगावर तसंच होतं. "उजेड जास्त आहे," मी म्हणालो. आबांनी वर नेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेले.

ऊन कललं तसा मधुकर मला न्यायला आला. मी त्याला कुजबुजत सांगितलं. त्याचा चेहरा आधी मित्राचा झाला आणि लगेच वकिलाचा. "कुणी पाहिलं?"

"नाही."

"मग गप बस. ओढा आहे, वारा आहे, पाखरं आहेत. कुठूनही आली असेल. तू आणली हे सिद्ध कोण करणार?" आणि मग स्वतःच्याच बोलण्याची चव वाईट लागल्यासारखा तो थांबला. "माझी अडचण अशी झाली बघ, की मी ह्यांचा वकील आहे."

मी अजून ठरवत होतो. खरं सांगायचं तर न सांगण्याकडे झुकत होतो. तेवढ्यात रुक्मिणी हात पुसत आत आली. "दाखवा भाऊ, कसे आले कलमांचे फोटू." तिनं कॅमेरा माझ्या हातून अलगद घेतला आणि मागचं बटण दाबलं.

पडद्यावर गोगलगाय होती. मागं हिरवं धुकं, शिंगावर थेंब. ती बटण दाबत गेली. दुसरा फोटो, तिसरा, त्याच गोगलगायीचे. एका फोटोत कोपऱ्यात लाल सुतळी दिसत होती. तिथं तिचं बोट थांबलं.

"ही पिशवी माझी हाय," ती म्हणाली.

मधुकर नेटच्या छताकडे बघत होता.

"कुठं हाय ही?"

मी डबा पुढं केला. तिनं तो घेतला, झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं, दाबून बघितलं. मग एक लांब श्वास सोडला. "जीव गेल्ता माझा. मंग बरं हाय. डब्यातच हाय."

इथं मी सुटलो होतो. तिनं मला तिच्या हातानं सोडलं होतं. फोटोत एक, डब्यात एक, हिशेब जुळला होता. मधुकरनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यात दोन्ही सल्ले होते.

"दोन होत्या," मी म्हणालो.

तिनं डबा खाली ठेवला. ती ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं शेडनेटचं दार ओढून घेतलं, कडी घातली आणि आबांना हाक मारली. "मामा, गोणपाटं भिजवा. आन् गूळ काढा."

मी म्हणालो, फॉगर बंद करू, जमीन वाळली की रेघ दिसेल. ती म्हणाली, वाळलं की ती मातीत घुसंल, मंग हाती लागती का? दोघांचंही खरं होतं, म्हणून अर्धे फॉगर बंद केले आणि दोन्हीतलं काहीच नीट झालं नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही चौघं रांगत होतो. पँट दुमडलेला मधुकर एका पिशवीखाली बोटं घालताना पुटपुटत होता, "सोळंकीची तारीख आहे उद्या. न्यायाधीशाला काय सांगू, गोगलगाय शोधत होतो?" हसायला कुणालाच आलं नाही. शेवटी रांगांमधून गुळाची गोणपाटं अंथरली आणि बाहेर आलो. जेवायला वाढलं होतं. माझ्या ताटात तूप होतं, कारण पाहुण्याच्या ताटात असतंच. रुक्मिणी जेवली नाही.

दुसरी सकाळ

उजाडता उजाडता गोणपाटं उचलली. एकेक उचलताना रुक्मिणीचा हात सावकाश जायचा आणि माझं काळीज तिच्या हाताबरोबर. खाली गांडुळं होती, एक गोम होती. गोगलगाय नव्हती.

"नसंलच आता," आबा म्हणाले. "गेली असंल भाईर."

"गेली म्हणून कुणाला सांगावं?" ती म्हणाली.

उत्तमरावांचा टेम्पो आला. पांढरे कपडे, हातात छत्री, उतरल्या उतरल्या नजर थेट पिशव्यांच्या तळाशी. रुक्मिणी दारातच उभी राहिली. त्यांनी नमस्कार केला आणि आत जाऊ लागले, तर ती बाजूला झाली नाही.

"भाऊसाहेब, आत एक गोगलगाय सुटली हाय. काल. सापडली न्हाई."

मी पुढं झालो. "माझ्या हातून सुटली. मी आणली होती. ह्यांना माहीत नव्हतं."

उत्तमरावांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आणली होती? कामून?"

"फोटो काढायला."

जगातली पुष्कळ कारणं सांगितल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी दिसतं. ह्या कारणावर काहीच दिसलं नाही. ते रुक्मिणीकडे वळले. "ताई, न सांगता भरून दिलं असतं तर मला कळलं नसतं."

"कळलं असतं. महिन्याभरानं."

ते टेम्पोकडे बघत उभे राहिले. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं नव्हतं. मग त्यांनी छत्री मिटली. "एकेक पिशवी उचलून बघू. गावली तर पुढचं बोलू. न्हाई गावली, तर मी रिकामा जाऊन राह्यलो. नाराज होऊ नका."

पिशव्या उचलायचं काम माझं. उचलायची, तळ बघायचा, माती चाचपायची, बाहेर नेऊन ठेवायची. आंबोलीत दिवसभर वाकून मला सवय आहे असं मी समजत होतो. दुपार व्हायच्या आत माझी पाठ परक्याची झाली. उत्तमराव प्रत्येक पिशवी माझ्यानंतर पुन्हा तपासत होते. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि माझाही माझ्यावर नव्हता.

ती सापडली लाल सुतळीच्या रांगेतच, मी बसलो होतो तिथून फार तर दोन पावलांवर. एका पिशवीत कलमाच्या बुडाशी माती जराशी उकरल्यासारखी वाटली. बोट घातलं तर शंखाचं टोक लागलं. ती मातीत शिरून बसली होती. एवढ्यानंच मला आनंद झाला असता, पण गोगलगाय मातीत कशासाठी शिरते ते मला ठाऊक होतं. रुक्मिणीलाही होतं. तिनं पिशवी फाडली, माती फडक्यावर पसरली आणि आम्ही तिघं उकिडवे बसून ढेकूळ न् ढेकूळ फोडत गेलो. पिवळसर, ज्वारीच्या दाण्यासारखी अंडी शोधत. सापडली नाहीत.

रुक्मिणीनं मिठाच्या पाण्याची बादली आणून माझ्यापुढं ठेवली.

मी आजवर गोगलगाय मारलेली नाही. पालकाच्या जुडीतून निघालेलीसुद्धा परसात नेऊन सोडतो, त्यावरून घरी बोलणी खातो. हातातलीनं डोळे बाहेर काढले होते. माझ्या तळव्यावर तिचं गार, ओलं अंग पुढं सरकत होतं.

"टाका," रुक्मिणी म्हणाली. आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. मी टाकली. मग डबा उघडून दुसरी टाकली.

"दोनच होत्या कशावरून?" उत्तमरावांनी विचारलं.

उत्तर रुक्मिणीनं दिलं. "दुसरीचं त्यांनी सोताहून सांगितलं. माझं ध्यान बी नव्हतं. तिसरी असती तर तिचं बी सांगितलं असतं."

आदल्या संध्याकाळी मी किती सांगणार होतो आणि किती नाही, ते मला आणि मधुकरलाच माहीत होतं. मधुकर आपले बूट बघत राहिला.

लाल सुतळीची रांग सोडून बाकीची कलमं टेम्पोत चढली. "ही रांग ठिवा," उत्तमराव म्हणाले. "वेगळी ठिवा. काही निघालं न्हाई तर फोन करा, येऊन राह्यलो." ती रांग आम्ही नेटच्या बाहेर, चुन्याच्या रिंगणात नेऊन मांडली. निघताना रुक्मिणीनं माझी बॅग उलटी केली, खिसे बाहेर काढायला लावले, छत्री उघडून झटकली. ओढ्याअलीकडे परतणाऱ्याला कुणी तपासत नाही. मला तपासलं. आबा एवढंच म्हणाले, "पुढल्या टायमाला म्हशीचे फोटू काढा."

घरी

कोल्हापूरचं प्रदर्शन झालं. शेवटच्या चौकटीत ड्रम, चिखल आणि म्हातारीच्या चपला असलेला फोटो लावला. लोकांनी विचारलं, हा मधेच असा का? मी म्हणालो, तिथं असंच आहे.

पण माझा जीव त्या एका रांगेत अडकला होता. अंडी दुसऱ्या कुठल्या पिशवीत असली तर फुटायला पंधरवडाही पुरतो. जालन्याकडे पाऊस लागल्याची बातमी आली की मी दुकानात लोकांना चुकीच्या नंबरचे चष्मे दाखवत होतो. फोन करायची हिंमत होत नव्हती.

एका सकाळी मोबाइलवर रुक्मिणीकडून फोटो आला. एक शब्दही नाही, नुसता फोटो. हललेला, एका कोपऱ्यात अंगठा आलेला. उचललेली काळी पिशवी, तिला लाल सुतळी, आणि खाली उघडी ओली जमीन. मी दुकानातलं सगळ्यात जाड भिंग काढलं आणि मोबाइल काचेच्या कपाटावर ठेवून तो फोटो कडेपासून कडेपर्यंत बघत गेलो. माती होती, पिशवीच्या बुडाचा गोल ठसा होता, अर्धं गांडूळ होतं.

दुसरं काही नव्हतं. समोर बसलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं, काय बघताय एवढं. मी भिंग आणि मोबाइल त्याच्यापुढं सरकवला. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "ह्यात तर काहीच नाही."